१० लिटर हँडवॉशचा संच: पेस्ट अस्सल, अल्कोहोलची बाटली मात्र बाजूला ठेवा

मुंबईत मस्जिद बंदर स्टेशनच्या पश्चिमेला वडगादीच्या गल्ल्यांत रंग, रसायने आणि सुगंधांची घाऊक दुकाने आहेत. त्यातल्या काही दुकानांत आता बचत गटांसाठी आणि घरगुती उद्योगांसाठी ‘बादलीत ओता, ढवळा, बाटल्या भरा’ या धर्तीचे तयार संच मिळतात. इथे त्यातल्या एका १० लिटर हँडवॉशच्या संचाचे परीक्षण केले आहे. दुकानाचे नाव देत नाही, कारण थोड्याफार फरकाने हेच पत्रक आणि हेच साहित्य बऱ्याच ठिकाणी मिळते.

निकाल आधीच सांगतो. माल चांगला आहे, पत्रक वाईट आहे. पत्रकात लिहिल्याबरहुकूम केले तर हँडवॉश ताकासारखा पातळ होतो. तेच साहित्य योग्य क्रमाने घेतले आणि आतली एक बाटली अजिबात न उघडता बाजूला ठेवली, तर बाजारच्या मालाशी टक्कर देणारा दाट, पारदर्शक हँडवॉश तयार होतो.

खोक्यात सापडते ते असे: ७० टक्के एसएलईएस (सोडियम लॉरेथ सल्फेट, म्हणजे मळ काढणारा मुख्य घटक) पेस्ट १ किलो, ३० टक्के कोको बीटेन (दुकानात याला सीएपीबी म्हणतात) ५०० ग्रॅम, ग्लिसरीन २०० ग्रॅम, मीठ २५० ग्रॅम, सोडियम बेंझोएट (माल टिकवायला) ३० ग्रॅम, सायट्रिक अॅसिड २० ग्रॅम, ईडीटीए (पाण्याचा कठीणपणा झेलायला) १० ग्रॅम, सुगंध ५० मि.ली., रंगाची पुडी आणि १ लिटर आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे आयपीए. किंमत साडेसातशेच्या आसपास. सुटे घेतले तर थोडे स्वस्त पडेल. पण बेंझोएट ३० ग्रॅम आणि ईडीटीए १० ग्रॅम सुटे द्यायला कोणी तयार होत नाही, ही या संचाची खरी सोय.

पेस्ट

पेस्ट अस्सल आहे का, हे खोके उघडल्या उघडल्या कळते. ७० टक्क्यांची पेस्ट मोतिया पांढरी, मऊ आणि ओढली तर सरकणारी असते. चमच्यावरून हळूहळू ओघळते. दुकानदाराने तिच्यात पाणी घातले असेल तर ती पातळ होत नाही, उलट कडक होते! नवख्याची फसगत इथेच होते. ७० टक्क्यांना एसएलईएसचे रेणू थरावर थर रचून बसलेले असतात आणि ते थर एकमेकांवरून घसरतात. पाणी घालून ताकद साधारण ३० ते ६० टक्क्यांच्या पट्ट्यात आणली की थर मोडतात, लांब नळकांड्या षटकोनी रचनेत दाबून बसतात आणि त्याची घट्ट, काचेसारखी जेली होते. तेव्हा ‘आमची पेस्ट जास्त घट्ट आहे’ असे कौतुकाने सांगितले जात असेल तर पाण्याचा संशय घ्यावा. या संचातली पेस्ट मऊ आणि मोतिया होती.

आणि पत्रकाची पहिलीच पायरी काय? ‘पेस्टवर १ लिटर उकळते पाणी ओतून घोटा.’ एक किलो ७० टक्के पेस्ट आणि एक लिटर पाणी म्हणजे बरोबर ३५ टक्के. नेमका तोच कडक जेलीचा पट्टा. मग बादलीत साबुदाण्याएवढ्यापासून लिंबाएवढ्यापर्यंत पारदर्शक गोळे तरंगतात, हात दुखेपर्यंत घोटले तरी विरघळत नाहीत, आणि घोटण्याच्या नादात इतकी हवा आत जाते की दोन दिवस फेस बसत नाही.

बरोबर रीत उलटी आहे. मोठ्या बादलीत साडेसहा लिटर पाणी घ्यायचे, पाण्यात पेस्ट टाकायची, पेस्टवर पाणी नाही. आधी ईडीटीए आणि बेंझोएट त्या पाण्यात विरघळवून घ्यायचे. मग पेस्ट चार-पाच हप्त्यांत सोडायची, सपाट उलथन्याने बादलीच्या तळाशी सावकाश फिरवायचे, झाकण ठेवायचे आणि रात्रभर विसरून जायचे. रवी किंवा मिक्सर लावू नका. आठ-दहा तासांत गोळे आपोआप विरतात. घाई असेल तर पाणी कोमट, साधारण ४० अंशांचे घ्या. उकळत्याची गरज नाही.

पाणी कुठले, हा मुंबईत बारीक प्रश्न नाही. महापालिकेचे तलावाचे पाणी मऊ आहे, उकळून गार केले की काम भागते. टँकरचे किंवा सोसायटीच्या बोअरवेलचे पाणी असेल तर त्यात कठीणपणा असतोच, शिवाय किनाऱ्याजवळ मीठही असते. कठीणपणा ईडीटीए थोडाफार झेलतो. मिठाचा हिशोब पुढे चुकतो, तो का हे मिठापाशी येईलच.

दोन सरफॅक्टंट कशाला

नुसत्या एसएलईएसनेही हात स्वच्छ होतात. मग ५०० ग्रॅम बीटेन कशासाठी? पत्रक म्हणते ‘फेसासाठी’. ते अर्धसत्य आहे.

सरफॅक्टंटच्या, म्हणजे मळ सोडवणाऱ्या साबणी पदार्थाच्या, रेणूला पाण्याची ओढ असलेले डोके आणि तेलकट शेपूट असते. पाण्यात त्यांची संख्या एका मर्यादेपुढे गेली की ते शेपट्या आत आणि डोकी बाहेर करून गोळा होतात. हाच मायसेल. रसायनशास्त्रज्ञ मॅकबेन यांनी १९१३ मध्ये ही कल्पना मांडली. ज्या मर्यादेला गोळे बांधले जातात तिला सीएमसी (क्रिटिकल मायसेल कॉन्सन्ट्रेशन) म्हणतात. एसएलईएसचाच भाऊबंद असलेल्या शुद्ध सोडियम लॉरिल सल्फेटसाठी, म्हणजे एसडीएससाठी, २५ अंशांना ती ८.२ मिलिमोलर आहे, म्हणजे लिटरला सुमारे २.४ ग्रॅम. एका मायसेलमध्ये साधारण ६० ते ६५ रेणू बसतात.

एसएलईएसची सगळी डोकी ऋणभारित. एकाच भावकीतले सगळे भांडलेले असले तर पंगतीत एकमेकांशेजारी बसायला तयार नसतात. अंतर ठेवून बसतात. मध्ये तिऱ्हाईत बसवला की पंगत दाटीने लागते. बीटेन हा तो तिऱ्हाईत: त्याच्या अंगावर धन आणि ऋण दोन्ही भार असतात. तो मध्ये शिरला की डोक्यांमधली ढकलाढकल कमी होते, गोळा लवकर बांधला जातो, म्हणजे सीएमसी उतरते.

मिश्रणाची सीएमसी दोघांच्या सरासरीइतकी असेल, असा सर्वसाधारण समज असतो. तो चूक आहे. क्लिंट यांनी १९७५ मध्ये दिलेले आदर्श मिश्रणाचे सूत्र व्यस्तांचे आहे: एक भागिले मिश्रणाची सीएमसी, बरोबर प्रत्येकाचा वाटा भागिले त्याची स्वतःची सीएमसी, यांची बेरीज. एसडीएस (८.२) आणि ट्रायटन एक्स-१०० हा बिनभाराचा सरफॅक्टंट (सुमारे ०.२४) रेणूंच्या हिशोबाने निम्मे-निम्मे घेतले तर सरासरी ४.२ येते, पण सूत्राने येते ०.४७. कमी सीएमसीवालाच बाजी मारतो. आणि हे झाले दोघांचे एकमेकांशी काही देणे-घेणे नाही असे धरून. प्रत्यक्षात ऋणभारित आणि दुहेरी भाराचे रेणू एकमेकांना ओढतात, म्हणून खरी सीएमसी या हिशोबाच्याही खाली जाते. ती ओढ मोजायला रुबिंग यांनी १९७९ मध्ये बीटा नावाचा आकडा आणला. तो जितका ऋण, तितके मेतकूट जास्त. ऋणभारित आणि पूर्ण धनभारित एकत्र आले तर बीटा इतका खाली जातो की बहुतेकदा मिश्रण फाटते, पांढरा साका बसतो. म्हणून या हँडवॉशमध्ये केसांच्या कंडिशनरमधला धनभारित पदार्थ ‘मऊपणासाठी’ घालू नका. बीटेन हा मधला, समजूतदार पर्याय आहे.

याचा त्वचेशी थेट संबंध आहे. हात कोरडे पडतात, खाजतात ते बऱ्याच अंशी मायसेलमध्ये न बसलेल्या सुट्या रेणूंमुळे. सीएमसी उतरली की सुटे रेणू कमी. दिवसातून वीस वेळा हात धुणाऱ्या पोळी-भाजी केंद्रातल्या बायकांना हा फरक आठवड्यात जाणवतो. तेव्हा ‘खर्च वाचवायला बीटेन अर्धेच घाला’ हा दुकानातला सल्ला ऐकू नये.

बीटेनचा आणखी एक गुण: पीएच ५ ते ५.५ पर्यंत आणला की त्याची धन बाजू थोडी वरचढ होते, एसएलईएसशी बांधणी घट्ट होते आणि दाटपणा वाढतो. सायट्रिक अॅसिड त्यासाठी आहे. पत्रकात मात्र ‘चमक येण्यासाठी चिमूटभर’ असे लिहिले आहे! १० टक्क्यांचे द्रावण करून थोडे-थोडे घाला, पीएच पट्टी लावत जा. पट्टी संचात नाही. प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या प्रयोगशाळा-साहित्याच्या दुकानांत मिळते. घट्ट जेलीत पट्टी बुडवून वाचू नका, एक चमचा जेली नऊ चमचे पाण्यात मिसळून वाचा.

याच पायरीवर टिकाऊपणाही ठरतो. बेंझोएट काम करते ते आम्ल रूपात. त्याचा पीके (ज्या पीएचला निम्मा भाग आम्ल रूपात असतो तो आकडा) ४.२ असल्याने पीएच ५ ला सुमारे १४ टक्के भाग कामाचा असतो, पीएच ७ ला जेमतेम ०.१६ टक्के. चिमूटभर सायट्रिकवर थांबलेली बादली सातच्या आसपास राहते, आणि जुलैच्या दमटपणात तीन आठवड्यांत बाटलीच्या गळ्याशी काळे ठिपके दिसतात. दोष बेंझोएटचा नसतो. उलट, सायट्रिकची पूड सरळ बादलीत ओतली तर ती पडते तिथे बेंझोइक आम्लाचे पांढरे कण सुटतात. म्हणून बेंझोएट आधी पाण्यात, आम्ल नंतर आणि पातळ करूनच.

मीठ

दाटपणा येतो तो मिठाने, ‘थिकनर’ म्हणून वेगळे काही या संचात नाही आणि लागतही नाही. मीठ डोक्यांवरचा भार झाकते, डोकी आणखी जवळ येतात, गोल मायसेल लांबट होतात, मग लांबच लांब शेवयांसारखे होऊन एकमेकांत गुंततात. शेवयांचा गुंता म्हणजे दाटपणा. पण मिठाचा आलेख डोंगरासारखा आहे. एका शिखरानंतर आणखी मीठ घातले की शेवयांना फाटे फुटतात, गुंता सैल होतो, द्रावण पुन्हा पातळ आणि शेवटी गढूळ होते. आणि घातलेले मीठ काढता येत नाही.

म्हणून अख्खी पुडी ओतायची नाही. २५० ग्रॅम मीठ १ लिटर पाण्यात विरघळवा आणि १०० मि.ली.च्या मापाने घाला, दर मापामागे पाच मिनिटे सावकाश ढवळा. सुरुवातीच्या मापांत फारसे काही घडत नाही, तिथे धीर सुटतो. मग एका मापाला उलथने अचानक जड वाटू लागते. त्यापुढे एक-दोन मापे, आणि दाटपणा वाढणे मंदावले की थांबा. ३० टक्के बीटेनमध्येच सुमारे ५ टक्के मीठ असते, म्हणजे २५ ग्रॅम तुम्ही नकळत आधीच घातलेले असते. बोअरवेलचे पाणी असेल तर आणखी काही. सगळे मिळून बहुधा २ ते ३ टक्क्यांत शिखर गाठते.

विमा म्हणून मीठ घालण्याआधी एक लिटर द्रावण बाजूला काढून ठेवावे. शिखर ओलांडले तर तेच परत मिसळून मागे येता येते.

दाटपणाची परीक्षा नेहमी थंड झाल्यावर. शेवयांचा गुंता उष्णतेने सुटतो. मे महिन्यात गच्चीवरच्या खोलीत पातळ वाटणारा हँडवॉश एसीच्या दुकानात जेली होतो आणि पंप दाबता दाबत नाही.

आता ती बाटली

पत्रकातली सहावी पायरी: ‘जंतुनाशक ताकदीसाठी संपूर्ण अल्कोहोल मिसळा. पातळ वाटल्यास आणखी मीठ घाला.’ या दोन वाक्यांनी सगळी मेहनत पाण्यात जाते. पाण्यात म्हणण्यापेक्षा अल्कोहोलात.

आधी जंतूंचे बोलू. एक लिटर आयपीए १० लिटरमध्ये म्हणजे वजनाने साधारण ८ टक्के. हातावर पाणी लागले की त्याचेही एक टक्क्याखाली. अल्कोहोल जंतू मारते ते साधारण ६० टक्क्यांपासून पुढे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सॅनिटायझरच्या कृतीत आयपीए ७५ टक्के आहे. ८ टक्क्यांनी हातावरच्या जंतूंना काही होत नाही. हँडवॉश जंतू घालवतो तो धुऊन, मारून नव्हे.

मग ६० टक्के घालून दोन्ही एकाच बाटलीत का साधू नये? कारण तिथे मायसेलच उरत नाहीत. मायसेल बांधले जातात ते शेपट्यांना एकमेकींची ओढ असते म्हणून नाही, तर पाणी त्यांना आपल्यात ठेवून घ्यायला तयार नसते म्हणून. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. २५ अंशांना पाण्याचा पृष्ठताण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर, आयपीएचा जेमतेम २१. अल्कोहोल मिसळले की पाण्याची ही ताठरता ढिली पडते, शेपट्यांना बाहेरही बरे वाटू लागते, त्या गोळ्यात यायचे कारण संपते. शिवाय मिश्रणाचा विद्युत-अपार्यता अंक, म्हणजे भारांमधली ओढ-ढकल द्रव किती सौम्य करतो ते सांगणारा आकडा, उतरतो (पाणी ७८, इथेनॉल २४, आयपीए त्याहूनही कमी), त्यामुळे डोक्यांमधली ढकलाढकल अधिक तीव्र जाणवते. दोन्ही गोष्टी एकाच दिशेने ओढतात. एसडीएससाठी इथेनॉल साधारण ३० ते ४० टक्क्यांपुढे गेले की ओळखू येईल असा मायसेल राहत नाही. आयपीएमध्ये ही वेळ आणखी लवकर येते. बीटेन मिसळलेला मायसेल थोडा जास्त तग धरतो, पण दोघांमधले मेतकूटही अल्कोहोलात फिके पडते: बीटा शून्याकडे सरकतो, तिऱ्हाईताचा उपयोग कमी होतो आणि सुटे रेणू पुन्हा वाढतात. म्हणजे अल्कोहोलाने हात कोरडे, वर सुट्या सरफॅक्टंटने आणखी कोरडे.

गंमत अशी की अगदी थोडे अल्कोहोल उलटा परिणाम करते. एक-दोन टक्क्यांत त्याचे रेणू मायसेलच्या कडेला, डोक्यांच्या मध्ये जाऊन बसतात, बीटेनसारखीच मध्यस्थी करतात आणि सीएमसी किंचित उतरते. मग प्रमाण वाढवत गेले की आलेख वळून वर चढतो. साखळी जितकी लांब तितकी ही मध्यस्थी जोरदार: ब्युटेनॉल, पेंटेनॉल मायसेलमध्ये चांगलेच शिरतात, आणि सेटिल अल्कोहोल तर इतके आत जाते की क्रीम आणि कंडिशनरमध्ये तेच घट्टपणा आणते. नावात अल्कोहोल असले म्हणून सगळी अल्कोहोले एका माळेची नव्हेत. मिथेनॉल, इथेनॉल, आयपीए ही पाण्याच्या बाजूची माणसे. सेटिल मायसेलच्या बाजूचे.

पण सीएमसी किंचित उतरली म्हणून दाटपणा टिकतो असे नाही. शेवया फार नाजूक. कडेला बसलेले छोटे रेणू शेवईला टोके फोडून देतात, लांब शेवईचे तुकडे होतात. एकाच घाण्यातला हँडवॉश तीन उंच बरण्यांत घेऊन एकीत काहीच न घालता, दुसरीत २ टक्के आणि तिसरीत ८ टक्के आयपीए घालून, फेस बसल्यावर काचेची गोटी सोडली तर डोळ्यांनीच दिसते. पहिल्या बरणीत गोटी मधात पडल्यासारखी रेंगाळत उतरते, मागे बुडबुड्यांची रेघ सोडते. दुसरीत सरळ, न थांबता जाते. तिसरीत टपकन तळाला लागते, आवाजासकट.

आणि मग पत्रकाचे दुसरे वाक्य: आणखी मीठ. ८ टक्के आयपीए असताना मिठाचा डोंगर बुटका होतो आणि जागाही बदलतो; कितीही मीठ घातले तरी आधीचे शिखर येत नाही. माणूस पुडी संपवतो, दुसरी आणतो, शेवटी द्रावण गढूळ होते आणि दोन दिवसांनी बादलीत दोन थर दिसतात. हा घाणा वाचवता येत नाही. फरशी पुसायला वापरावा.

आयपीएचा द्वेष करायचा नाही. कपड्यांच्या घट्ट द्रव डिटर्जंटमध्ये सरफॅक्टंटचे प्रमाण इतके असते की आपोआप जेली होईल. तिथे दोन-चार टक्के अल्कोहोल मुद्दाम घालतात, माल ओतता यावा म्हणून. ज्या कामाला गुण, त्याच कामाला हँडवॉशमध्ये अवगुण.

टीडीएस पेनवर पडताळणी

अल्कोहोलात मायसेल मोडतात हे पुस्तकी वाटत असेल तर आरओवाल्याच्या खिशात असतो तो टीडीएस पेन (वाहकतेवरून पाण्यातले क्षार मोजणारा) पुरे. वाहकता थेट मायक्रोसीमेन्समध्ये दाखवणारा ईसी पेन मिळाला तर उत्तम. संचातली पेस्ट यासाठी घेऊ नका, तिच्यात सल्फेटचे क्षार असतात. प्रिन्सेस स्ट्रीटवरून शुद्ध एसडीएस घ्या. ७.२ ग्रॅम एसडीएस डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून २५० मि.ली. करा, हे १०० मिलिमोलर झाले. चंचुपात्रात १०० मि.ली. डिस्टिल्ड पाणी घेऊन सिरिंजने एकेक मि.ली. द्रावण घाला, हलवा, अर्धा मिनिट थांबा, आकडा लिहा. २५ मापांपर्यंत जा. कागदावर आधी प्रत्येक मापानंतरचे एसडीएसचे प्रमाण मिलिमोलरमध्ये काढून मगच त्याच्यासमोर वाहकतेचा आलेख काढा, नुसत्या मि.ली.वर काढला तर रेषा वाकडी येते.

पहिली रेषा उभी चढते, मग साधारण नवव्या मि.ली.पाशी (म्हणजे ८.३ मिलिमोलरला) तिचा चढ निम्म्याहून कमी होतो. ते वळण म्हणजे सीएमसी. त्याच्या अलीकडे प्रत्येक रेणू आणि त्याचा सोडियम सुटा फिरत असतो. पलीकडे नवे रेणू मायसेलमध्ये जातात आणि बरेचसे सोडियम त्यांना चिकटून राहतात. स्वस्त ‘एसएलएस नीडल्स’ (सुयांच्या रूपातले बाजारू एसडीएस) घेतल्या तर वळण अलीकडे येईल, कारण त्यात लांब साखळीचे रेणू आणि थोडे डोडेकेनॉल असते.

आता हेच १० टक्के, २० टक्के, ४० टक्के आयपीए घेऊन करा. एक पथ्य पाळा: चंचुपात्रात आणि सिरिंजमधल्या द्रावणातही अल्कोहोलचे प्रमाण सारखेच हवे. द्रावण नुसत्या पाण्यात केले तर प्रत्येक मापाला अल्कोहोल पातळ होत जाते आणि आलेख निरर्थक होतो; कॉलेजच्या जर्नलांत ही चूक सर्रास सापडते. दुसरे, वाहकता अंशामागे सुमारे २ टक्के वाढते, तेव्हा चंचुपात्र पाण्याच्या तसराळ्यात ठेवा आणि पंखा बंद करा. तिसरे, तापमान २५ अंशांच्या खाली फार जाऊ देऊ नका. थंड एसीत एसडीएस विरघळलेलेच राहत नाही, सुया दिसू लागतात. १० टक्क्यांना कोपरा गोलाकार होतो. प्रमाण वाढेल तसतसा दोन रेषांमधला फरक मिटत जातो, आणि ४० टक्क्यांना एकच रेषा सरळ वर जाताना दिसते. वळण नाही, म्हणजे मायसेल नाही. पत्रक छापणाऱ्याला हा कागद दाखवावा.

बीटेनच्या मिश्रणासाठी ही पद्धत चालत नाही. त्यातल्या मिठाने पेन आधीच चढलेला असतो. तिथे ड्रॉपरने एका मि.ली.त किती थेंब पडतात ते मोजणे बरे. पृष्ठताण उतरला की थेंब लहान आणि जास्त होतात, आणि सीएमसीपुढे त्यांची संख्या थांबते.

उरलेल्या गोष्टी

सुगंध थेट बादलीत ओतला तर वर तेलाचे डोळे तरंगतात. आधी बीटेनमध्ये फेटा, मग ते मिश्रण बादलीत. ५० मि.ली. पूर्ण घालायची गरज नाही, ३० पुरतात. काही सुगंध शेवया तोडतात. रंगाची पुडी फारच भडक आहे, चिमटीच्याही चिमटीएवढा घ्या.

‘१० लिटरचे २० लिटर करा’ हा काऊंटरवरचा सल्ला. धुण्यापुरता तो खोटा नाही: १० लिटरमध्ये एसएलईएस ७ टक्के, म्हणजे सुमारे १८० मिलिमोलर; हातावर दसपट पातळ झाले तरी १८ उरतात आणि एसएलईएसची स्वतःची सीएमसी ३ च्या आसपास, मिश्रणाची त्याहून कमी. निम्मे केले तरी मळ निघेल. दाटपणा मात्र कुठल्याही मिठाने परत यायचा नाही, आणि गिऱ्हाईक दाटपणालाच गुण समजते.

विकणार असाल तर सौंदर्यप्रसाधनांचा परवाना लागतो, २०२० ची नियमावली वाचून घ्या. लेबलवर ‘जंतू मारतो’ लिहायचा मोह टाळा. त्याने प्रकरण औषधाकडे सरकते. पत्रकात ‘आयपीए नसल्यास इथेनॉल चालेल’ असेही आहे. महाराष्ट्रात इथेनॉलला उत्पादन शुल्क खात्याची परवानगी लागते, आणि हार्डवेअरच्या दुकानातले स्पिरिट तर हाताला लावायचेच नाही, त्यात मिथेनॉल असू शकते.

दुकानाबद्दल: माणसे बोलकी, माप चोख, पेस्टवर बॅच नंबर होता, बीटेनवर नव्हता. विश्लेषणाचा दाखला मागितला तर मोबाइलवर पाठवतात. दुपारी एकनंतर गल्लीत हातगाड्यांमुळे उभे राहायला जागा नसते, सकाळी जावे. खोके लोकलने नेणार असाल तर एक अडचण आहे: आयपीएसारखा ज्वलनशील द्रव गाडीतून नेणे गुन्हा आहे, आणि ती बाटली पातळ प्लास्टिकची, झाकणाला सील नसलेली. ती दुकानातच परत केलेली बरी. मागितले तर बाटलीशिवाय खोके देतात. पैसे मात्र तेवढेच घेतात.